सच्छिद्र कोळसा आणि वायू : ‘किती’ व ‘किती वेळात’

(ज्ञातिगृहात वार्षिक संमेलनाच्या प्रसंगी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे ‘शास्त्रीय विषयावर व्याख्यान’ एवढेच छापलेले आहे. विषय कोणता हे कार्यवाहांनी छापले नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. आम्हीच तो वेळेवर कळविला नव्हता. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आणि भोजन या दोहोंच्या मध्ये आम्हांस उभे केलेले आहे. तेव्हा आपले लक्ष स्वयंपाकघराकडून येणाऱ्या वासाकडे वळणे स्वाभाविक आहे, आणि आमचा विषयही वासाला, म्हणजे वायूला, फारसा परका नाही. सच्छिद्र कोळसा वायू किती त्वरेने धरून ठेवतो आणि ती त्वरा गणिताने आधी कशी सांगता येते, याविषयी आम्ही बोलणार आहोत.

हा विषय निवडण्यास एक कारण घडले. सन २०२१ च्या एप्रिल महिन्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेमुळे प्राणवायूसाठी सर्वत्र धावाधाव चालली होती, हे आपणांपैकी कोणी विसरले नसेल. त्या दिवसांत एका रात्री ज्ञातीतील एका वहिनींचा आम्हांस दूरध्वनी आला. त्यांचा मुलगा रुग्णालयात होता. आम्ही आयुष्यभर ज्या कारखान्यात नोकरी केली तेथे हवेतून नायट्रोजन वेगळा काढण्याचे संयंत्र आहे, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी विचारले, “भाऊ, तुमच्या त्या यंत्रात हवेतला प्राणवायू कोळशात धरतात आणि मग बाहेर सोडून देतात, असे तुम्हीच एकदा सांगितले होते. तो बाहेर सोडता तोच आम्हांला का देत नाही?” आम्ही त्यांना “तसे होत नसते, वहिनी” एवढेच उत्तर दिले. मुलगा पुढे बरा झाला, हे आपणां सर्वांचे भाग्य. त्यात आमच्या उत्तराचा काही वाटा नव्हता. परंतु प्रश्न रास्त होता आणि उत्तर अपुरे होते. आजचे व्याख्यान म्हणजे ती राहिलेली बाकी होय.

प्रथम कोळशाची ओळख करून घेऊ. आपल्या घरी नारळ फुटतो, खोबरे खवले जाते आणि करवंटी चुलीत जाते. हीच करवंटी हवेचा संपर्क टाळून जाळली तर लोणारी कोळशासारखा कोळसा मिळतो, आणि त्यावर अतिशय तप्त वाफ सोडली तर त्याच्या अंगात असंख्य सूक्ष्म रंध्रे कोरली जातात. यालाच सक्रिय कोळसा म्हणतात. घरातील पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रात जी काळी नळी असते तिच्या पोटात बहुधा हाच असतो. चांगल्या प्रतीच्या अशा कोळशाच्या एका ग्रॅमची आतली सगळी पृष्ठे उलगडून पसरली तर ती सुमारे १,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे भरतात. चिमूटभर कोळशात दहा गुंठे जमीन! आमच्या पणजोबांनी वाटणीच्या दाव्यात ज्यासाठी उभी हयात घालविली ती जमीन याहून फारशी मोठी नव्हती.

या पृष्ठांवर वायूचे रेणू येऊन चिकटतात. साखर पाण्यात विरघळते तसे ते पदार्थाच्या अंतरंगात मिसळून जात नाहीत. आतील भिंतींवर धूळ बसावी तसे बसतात. या क्रियेस अधिशोषण म्हणतात. शोषणाहून तिचे वेगळेपण दाखविणारा शब्द युरोपीय भाषांत हाइनरिख कायझर या जर्मन शास्त्रज्ञाने १८८१ साली रूढ केला. परंतु क्रिया त्याच्या शंभर वर्षे आधी माहीत होती. स्वीडनमध्ये शेले यांनी १७७३ च्या सुमारास आणि इटलीत फोंताना यांनी १७७७ च्या सुमारास कोळसा वायू ओढून घेतो हे प्रयोगाने दाखविले होते. पुढे इंग्लंडात जेम्स ड्युअर यांनी करवंटीचा कोळसा द्रवरूप हवेने थंड करून त्याच्याकरवी भांड्यातील उरलीसुरली हवा काढून घेतली आणि निर्वात पोकळी मिळविली. कोकणातील परसात पडून राहणाऱ्या वस्तूला तिकडच्या प्रयोगशाळेत केवढा मान मिळाला, हे जाता जाता लक्षात घ्यावे.

या साऱ्या काळात शास्त्रज्ञांचा मुख्य प्रश्न होता : कोळसा वायू किती धरतो? किती वेळात धरतो, हा प्रश्न मागे राहिला होता. त्याला पुढे ओढले ते युद्धाने. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला. त्याच वर्षी रशियात निकोलाय झेलिन्स्की यांनी सक्रिय कोळशाचा मुखवटा सिद्ध केला, आणि १९१८ मध्ये अमेरिकेत नागरिकांकडून पीच फळांच्या कोयी आणि नारळाच्या करवंट्या गोळा करण्यात आल्या. मुखवट्यातील कोळशाची अडचण ध्यानात घ्या. सैनिकाचा श्वास त्या डब्यातून सेकंदाच्या अल्पशा अंशात निघून जातो. तासाभरात पोटभर विषारी वायू धरणारा कोळसा तेथे निरुपयोगी; त्याने त्या क्षणात धरला पाहिजे. युद्ध संपल्यावर १९२० साली बोहार्ट आणि ॲडम्स या दोघा अमेरिकनांनी कोळसा आणि क्लोरीन यांविषयीचा आपला निबंध प्रसिद्ध केला. कोळशाच्या थराच्या एका टोकाने शिरलेला विषारी वायू दुसऱ्या टोकाने केव्हा डोकावेल, याचे गणित त्यात आहे. त्या गणिताच्या उत्तरावर माणसाचा जीव अवलंबून होता.

त्याआधी, १९०९ मध्ये, मॅकबेन यांनी हायड्रोजन व कोळसा यांवर प्रयोग करून एक महत्त्वाची गोष्ट नोंदविली होती. वायूचा काही भाग कोळसा झटकन घेतो आणि उरलेला भाग तासन्‌तास हळूहळू आत मुरत राहतो. म्हणजे एकाच कोळशात दोन घड्याळे चालतात. आज आपण ज्याला वेगाचे प्रतिमान म्हणतो ते या दुसऱ्या, सावकाश चालणाऱ्या घड्याळाचे गणित होय.

आता आमच्या कारखान्यातील कोळशाकडे येऊ. तो साधा सक्रिय कोळसा नव्हे. पश्चिम जर्मनीतील एसेन येथील कोळसा-संशोधन संस्थेने १९७० नंतरच्या दशकात तो उद्योगधंद्यांसाठी पुढे आणला. त्यास रेणूंची चाळणी असे म्हणतात. तयार कोळशातील रंध्रांच्या तोंडाशी बेंझीनसारख्या द्रव्याच्या वाफेतून कार्बनचा आणखी एक सूक्ष्म थर बसवितात, आणि तोंडे हवी तेवढीच अरुंद करतात. ही अरुंदता किती? प्राणवायूच्या रेणूचा व्यास ३·४६ अँगस्ट्रॉम आणि नायट्रोजनच्या रेणूचा ३·६४ अँगस्ट्रॉम धरतात. एका सेंटीमीटरचे दहा कोटी भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे अँगस्ट्रॉम. दोन्ही रेणूंत फरक आहे तो त्याच्याही पाचव्या हिश्श्याहून कमी. एवढ्याशा फरकावर सारे संयंत्र उभे आहे.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात दडलेले आहे. या कोळशाला प्राणवायूची विशेष आवड आहे, असे नाही. सारख्या दाबाखाली आणि पुरेसा वेळ मिळाला तर तो दोन्ही वायू जवळजवळ सारखेच धरतो. फरक फक्त त्वरेचा आहे. प्राणवायू नायट्रोजनच्या कितीतरी पट, तीस-चाळीस पट म्हटले तरी चालेल, वेगाने आत शिरतो. घड्याळ काढून घेतले तर ही चाळणी चाळणीच राहत नाही.

याच ज्ञातिगृहातील पंगतीचे उदाहरण घेऊ. सभागृहात दोनशे पाट मांडलेले आहेत. किती माणसे बसतील हे पाटांच्या संख्येवर ठरते. किती वेळात बसतील हे दारावर ठरते. बाहेर सडपातळ मंडळी आणि आमच्यासारखी स्थूल मंडळी अशी दोन्ही उभी आहेत. दार इतके अरुंद आहे की सडपातळ माणूस सरळ आत जातो आणि स्थूल माणसास तिरके होऊन, अंग चोरून, यजमानांची क्षमा मागत शिरावे लागते. दार उघडून मिनिटाभरात पुन्हा लावले तर आत बहुतेक सडपातळ मंडळीच सापडतील. तासभर उघडे ठेवले तर दोन्ही प्रकारची माणसे बाहेर होती त्याच प्रमाणात आत दिसतील. संयंत्रात हेच घडते. कोळशाने भरलेल्या दोन टाक्या असतात. एकीत दाबाखाली हवा सोडतात. प्राणवायू कोळशात शिरतो, नायट्रोजन वरून बाहेर पडतो आणि वापरास जातो. सुमारे मिनिटाने झडपा फिरतात, पहिलीतील दाब उतरतो, धरलेला वायू वाताकर्षात निघून जातो, आणि त्या वेळात दुसरी टाकी काम करते. आपण जी बटाट्याच्या वेफर्सची फुगलेली पिशवी फोडता तिच्यातील नायट्रोजन अशा संयंत्रातूनही आलेला असू शकतो.

मग झडप नेमकी कोणत्या सेकंदाला फिरवावी? हे अंदाजाने ठरवून चालत नाही. येथेच प्रतिमानाची गरज लागते. आणि येथेच आम्ही एकदा फसलो, ती हकीगत सांगणे प्राप्त आहे.

पंगतीच्या उदाहरणात आत जाण्याचा वेग दोन निराळ्या रीतींनी रोखला जाऊ शकतो. पहिली रीत दाराची. दार अरुंद आहे, पण एकदा आत शिरले की मोकळा चौक लागतो आणि कोणत्याही पाटावर सहज जाता येते. अशा वेळी दर सेकंदाला आत जाणारा वायू हा उरलेल्या रिकाम्या जागेच्या प्रमाणात असतो. निम्मी जागा भरली की वेग निम्मा होतो. हे समीकरण अतिशय सोपे आहे; स्वीडनच्या लागरग्रेन यांनी १८९८ साली द्रावणातील आम्ले कोळशावर बसतात त्यासाठी याच धाटणीचे समीकरण मांडले होते. दुसरी रीत बोळाची. दार बरे आहे, पण आत चौक नाही, लांबच लांब बोळ आहे. पहिली माणसे तोंडाजवळच्या पाटांवर पटकन बसतात. नंतरच्यांना त्यांना ओलांडून खोल खोल जावे लागते. या क्रियेस विसरण म्हणतात आणि तिचा नियम फिक या जर्मन वैद्याने १८५५ मध्ये दिला. येथे सुरुवातीस आत गेलेला वायू वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो : दुप्पट वायू आत जाण्यास चौपट वेळ लागतो. उलट बाजूने पाहिले तर पहिल्या काही क्षणांतच अपेक्षेहून बरेच अधिक आत गेलेले असते. हे वाक्य कृपया ध्यानात ठेवावे.

बोळाचे गणित लांबलचक आहे. हार्वेल येथील ग्लूकाउफ यांनी १९५५ मध्ये त्यावर एक सोय करून दिली. विसरणांकास कणाच्या त्रिज्येच्या वर्गाने भागावे, पंधराने गुणावे, आणि येणारा आकडा दाराच्या सोप्या समीकरणात वेगाचा स्थिरांक म्हणून घालावा. (कण म्हणजे डोळ्यांना दिसणारी कोळशाची गोळी नव्हे, त्या गोळीच्या पोटातील सूक्ष्म कण येथे अभिप्रेत आहे.) या ‘पंधराच्या नियमा’ने दोन-तीन पिढ्यांच्या अभियंत्यांना जगविले आहे. आम्हीही त्यांतलेच.

नव्वदच्या दशकाच्या आरंभी संयंत्र वाढविण्याचे हिशेब आमच्याकडे आले. आकडे आम्ही येथे सोयीसाठी गोळाबेरीज करून सांगतो. प्राणवायूचा स्थिरांक दर सेकंदास ०·०४ आणि नायट्रोजनचा ०·००१ धरा. पंधराच्या नियमाने एका मिनिटात प्राणवायूची सुमारे ९१ टक्के जागा भरते आणि नायट्रोजनची जेमतेम ६ टक्के. दहा मिनिटे थांबलात तर नायट्रोजनची ४५ टक्के, आणि तासाभराने ९७ टक्के. कागदावर चित्र सुरेख दिसत होते. मिनिटाला झडप फिरवायची. नायट्रोजन कोळशात फारसा वाया जाणार नाही. तेव्हा अमुक एवढी हवा दाबणारा कॉम्प्रेसर पुरेल, असा अहवाल आम्ही दिला. अहवालाखाली सही ठसठशीत केली होती, हे सांगावयास हवे.

संयंत्र चालू झाले, आणि हवा पुरेना. नायट्रोजन कोळशात जितका जाईल असे आम्ही म्हटले होते त्याच्या कितीतरी अधिक जात होता. ठरलेला प्रवाह बाहेर काढावा तर कोळशावर ताण पडून त्याबरोबर प्राणवायू निसटू लागे. तो नायट्रोजन ज्वालाग्राही द्रव्याच्या टाक्यांवर पांघरूण म्हणून सोडला जाई. पांघरुणात प्राणवायू शिरणे म्हणजे काय हे त्या खात्यात काम करणाऱ्यांस सांगावे लागत नाही. एका रात्री पाळीवरच्या माणसाने प्राणवायूमापकाचा काटा चढताना पाहिला आणि कोणाची आज्ञा न घेता टाक्यांकडे जाणारी झडप बंद केली. त्याला गणित येत नव्हते. अनर्थ टळला तो त्याच्यामुळे. कारण शोधण्याचे काम आमच्याकडे आले.

कारण शोधण्यासाठी अखेर आम्ही मूळ प्रयोगाकडे गेलो, जेथे आधीच जावयास हवे होते. मॅकबेन आणि बकर यांनी १९२६ मध्ये अशा मापनासाठी एक सुंदर काटा तयार केला होता : स्फटिककाचेची नाजूक मळसूत्री तार, तिला टांगलेला कोळसा, आणि भोवती निर्वात नळी. वायू सोडला की कोळसा जड होतो, तार लांबते, आणि दर क्षणी किती वायू धरला हे दुर्बिणीतून वाचता येते. आमच्याकडील उपकरण अधिक आधुनिक होते, पण तत्त्व तेच. नायट्रोजनसाठी मिळालेले आकडे आम्ही वेळेसमोर मांडले. रेषा वाकडी आली. वेळेच्या वर्गमुळासमोर मांडले. आरंभीचा भाग सरळ आला. आमच्या त्या कोळशात अडचण दाराची नव्हती, बोळाची होती.

मग सोपे समीकरण बाजूला ठेवून विसरणाचे संपूर्ण गणित केले. मिनिटाभरात प्राणवायूची जागा भरते ८७ टक्के. नियमाच्या ९१ पासून फार दूर नाही. नायट्रोजनची मात्र ६ नव्हे, २० टक्के! पंधराचा नियम मोठ्या मुदतीला खरा ठरतो. कण जवळजवळ भरत आला की दोन्ही गणिते सारखी बोलतात. म्हणून वेगवान प्राणवायूच्या बाबतीत त्याने आम्हांस फसविले नाही. सावकाश वायूच्या पहिल्या क्षणांत मात्र तो तिपटीहून अधिक चुकतो, आणि आमचे सारे संयंत्र त्या पहिल्या क्षणांवरच चालत होते. जपानमधील नाकाओ व सुझुकी यांनी १९८३ मध्येच दाखवून दिले होते की चक्र जितके आखूड तितका पंधराच्या जागी मोठा आकडा घेतला पाहिजे. तो निबंध त्या वेळी आमच्या कपाटात पोहोचला नव्हता. खरे सांगावयाचे तर पोहोचला असता तरी आम्ही वाचला असता की नाही, याची खात्री नाही. नियम हाताशी असला की माणूस त्यामागचे गृहीत विसरतो.

सर्वच कोळशांत बोळ असतो, असा समज करून घेऊ नये. काही चाळण्यांत रंध्रांचे तोंड इतके आवळलेले असते की खरी अडचण दाराशीच असते, आणि तेथे सोपे समीकरणच योग्य ठरते. पुष्कळांत दोन्ही अडथळे असतात आणि दोहोंचे मिळून प्रतिमान मांडावे लागते. कोणता अडथळा आहे हे कोळशालाच विचारावे लागते. अलीकडे अनेक निबंधांत असे आढळते की प्रयोगाचे आकडे घेतात, प्रथम कोटीचे आणि द्वितीय कोटीचे अशी दोन तयार समीकरणे त्यांवर बसवून पाहतात, आणि ज्याची रेषा अधिक सरळ बसली ती यंत्रणा खरी असे जाहीर करतात. आमच्या मते हा मोठा घोटाळा आहे. समतोलाजवळचे पुष्कळसे बिंदू घेतले की कोणतीही रेषा गोड दिसते. कण बारीक करून पाहावा, दाब थोडाच बदलून पाहावा, वायू मध्येच थांबवून पुन्हा सोडून पाहावा, मग बोलावे.

उष्णतेचाही एक विक्षेप आहे. वायू कोळशावर बसतो तेव्हा उष्णता बाहेर पडते. ती लवकर निघून गेली नाही तर कोळसा तापतो, तापलेला कोळसा कमी वायू धरतो, आणि आपण विसरणाचा वेग मोजतो आहोत असे समजून प्रत्यक्षात कोळसा निवण्याचा वेग मोजत बसतो. ऋतूचेही तसेच. अरुंद रंध्रांतून जाण्यास रेणूला ऊर्जेचा एक उंबरठा ओलांडावा लागतो आणि उष्णता वाढली की दोघेही तो अधिक सहज ओलांडतात. परंतु नायट्रोजनचा उंबरठा बहुधा उंच असल्याने त्याचा वेग अधिक प्रमाणात वाढतो. म्हणून पौषात उत्तम चालणारे संयंत्र वैशाखात कुरकुर करते. पाळीवरच्या मंडळींना हे आमच्या आधीपासून ठाऊक होते. ते उन्हाळ्यात झडपेची वेळ काही सेकंदांनी कमी करीत आणि आम्हांस सांगत नसत.

आता वहिनींचा प्रश्न. कोळशातून बाहेर सोडला जाणारा वायू म्हणजे प्राणवायूच काय? हवेत प्राणवायू शंभरात २१ भाग आणि नायट्रोजन ७९ (त्यातच आर्गॉन मोजू). कोळसा समतोलापर्यंत पोहोचला तर दोघांना साधारण याच प्रमाणात धरील. आमच्या जुन्या, चुकीच्या हिशेबाने मिनिटाभरात २१ चे ९१ टक्के म्हणजे १९ भाग प्राणवायू आणि ७९ चे ६ टक्के म्हणजे पावणेपाच भाग नायट्रोजन. धरलेल्या वायूत प्राणवायू सुमारे ८० टक्के! त्या अहवालावर विश्वास ठेवणाऱ्या कोणासही वाटले असते की वाताकर्षाच्या नळीशी रुग्ण नेऊन बसवावा. खऱ्या हिशेबाने प्राणवायू १८ भाग आणि नायट्रोजन १६. म्हणजे जेमतेम निम्म्याहून थोडा अधिक. त्यात गोळ्यांच्या मधल्या पोकळीत अडकलेली दाबातील हवा आणि टाकी धुण्यासाठी सोडलेला नायट्रोजन मिसळतो, तेव्हा प्रमाण आणखी उतरते. शिवाय तो दर मिनिटास एका झोताने, कोळशाची धूळ घेऊन बाहेर पडतो. रुग्णालयास ९० टक्क्यांच्या वरचा, स्वच्छ आणि अखंड प्रवाह हवा असतो. म्हणून तसे होत नव्हते. त्या रात्री हे सांगता आले असते तर बरे झाले असते.

त्याच महिन्यात पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने या कोड्याची दुसरी बाजू उलगडली. टाटा कन्सल्टिंग इंजिनिअर्स आणि स्पॅनटेक इंजिनिअर्स यांच्या सहकार्याने तेथे नायट्रोजनच्या संयंत्रातून प्राणवायू काढून दाखविण्यात आला. मुख्य बदल एकच : टाकीतील कोळसा काढला आणि तेथे झिओलाइट भरला. झिओलाइट हा सिलिका व ॲल्युमिनायुक्त सच्छिद्र स्फटिक आहे. त्यातील धन आयन नायट्रोजनच्या रेणूस अधिक ओढतात. म्हणून तेथे निवड वेळेवर नव्हे तर आवडीवर होते. नायट्रोजन आत राहतो आणि प्राणवायू पुढे निघून जातो, वाताकर्षात नव्हे तर हव्या त्या नळीत, दाबाखाली. त्यांना ९३ ते ९६ टक्के शुद्धता मिळाली. त्यापुढे जाणे जवळजवळ अशक्यच, कारण हवेतील आर्गॉन प्राणवायूचा हात सोडत नाही. तीच टाकी, त्याच झडपा, तीच हवा. आतील द्रव्य बदलताच टाकीने धरावयाचे ते सोडले आणि सोडावयाचे ते धरले. झिओलाइट पाण्याच्या वाफेने लवकर बिघडतो, त्यामुळे हवा अधिक कोरडी करावी लागते, आणि झडपांचे वेळापत्रकही नव्याने मांडावे लागते. पण हे सारे करता येण्याजोगे होते.

हे गणित आम्ही गेल्या महिन्यात वहिनींना त्यांच्या घरी जाऊन कागदावर मांडून दाखविले. १८ आणि १६ हे आकडे त्यांनी दोनदा वाचले. मग त्यांनी विचारले, “भाऊ, पवईच्या लोकांना तो बदल करायला किती दिवस लागले?” आम्ही म्हणालो, “तीन.” “आणि तुमच्याकडे?” आमच्या कारखान्यात त्या वेळी झिओलाइटची एक गोणीही नव्हती, आणि ती मागवावी असे आम्हांस त्या रात्री सुचलेही नव्हते, आम्ही तसेच सांगितले. त्यांनी कागदाची घडी घालून देव्हाऱ्याशेजारच्या डब्यात ठेवली आणि मुलाला हाक मारून चहा ठेवावयास सांगितले.